जागा वाढल्या

१

"काकू, माझी जागा चोरीला गेली," रुपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली.

पद्मजाबाई नुकत्याच पूजेवरून उठल्या होत्या. हातातलं नैवेद्याचं दूध त्यांनी ओट्यावर ठेवलं.

"कुठली जागा? बसमधली?"

रुपाली हसली नाही. एरवी हसायची. तेव्हा पद्मजाबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं, दूध तिच्याच हातात दिलं आणि समोर स्टूल ओढून बसल्या. टेलिफोन खात्यात तक्रारींच्या टेबलावर त्यांचा जन्म गेला होता. माणूस रडायच्या बेतात असला की आधी त्याला बसवायचं, मग ऐकायचं, मधे बोलायचं नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं.

रुपाली त्यांच्या हडपसरच्या घरात मागच्या खोलीत राहायची. मूळची पुसदची. इथे एका कंपनीत नोकरी करता करता तिनं एमबीएच्या प्रवेशासाठी जिवाचं रान केलं होतं. मार्गदर्शनाला दाते सरांकडे जायची. श्यामसुंदर दाते म्हणजे शक्यता सांगणारे सर. मुलाचे गुण, नोकरीचा अनुभव, बोलण्याची ढब, सगळं जोखायचे आणि कुठल्या संस्थेत दहात किती ते तोंडावर सांगायचे. रुपालीला त्यांनी सांगितलं होतं, "दक्षिणेतल्या त्या मोठ्या संस्थेत दहात दोन. वाघोलीच्या कॉलेजात दहात सात."

आणि झालंही तसंच. वाघोलीला प्रवेश मिळाला, मोठ्या संस्थेत वेटिंगवर नाव अडकलं.

"मंगळवारी वाघोलीला शेवटचा दिवस होता काकू. राहायचं तर राहा, नाहीतर संध्याकाळपर्यंत मूळ कागद परत घेऊन जा. नंतर कागद महिनोन्महिने अडकतात. मी डेस्कवर वाट पाहून राहिली होती. दुपारी सुशीलाबाईंचा फोन आला."

"त्या कोण?"

"सरांच्या ऑफिसातल्या. फोन त्याच करतात. म्हणाल्या, 'अगं, त्या मोठ्या संस्थेतल्या जागा वाढल्या. सर म्हणालेत, दुसऱ्या ठिकाणचं काय ते आजच बघून घे. देवावर भरवसा ठेव, पोरी.' मी तशीच रिक्षा करून वाघोलीला गेली. प्रवेश सोडला, कागद घेतले. आणि काल मोठ्या संस्थेला विचारलं तर ते म्हणतात, जागा कसल्या वाढतात, वेटिंग बंद झालं."

"आणि वाघोलीची जागा?"

"दिली पुढच्या मुलीला. स्वराली नाव तिचं." रुपालीनं दुधाचा पेला खाली ठेवला. "ती स्वराली सरांच्या ऑफिसातल्या वरदची मावसबहीण आहे, काकू."

२

जागा परत मिळायला एकच वाट होती, आणि ती कॉलेजनंच सांगितली होती. कुणी फसवून प्रवेश सोडायला लावलं, असं दाते सरांनी स्वतः येऊन सांगितलं, तर नव्या मुलीचा प्रवेश रद्द करून जागा रुपालीला देता येईल. नुसता गैरसमज असेल तर इलाज नाही. समितीची बैठक उद्या सकाळी.

"आणि नाही मिळाली तर?" पद्मजाबाईंनी विचारलं होतं.

"बाबा म्हणाले होते, हे एक वर्ष तुझं. पुढल्या वर्षी घरी यायचं, आम्ही म्हणू तिथं लग्न करायचं. मी हो म्हटलं होतं."

एवढं ऐकल्यावर पद्मजाबाईंनी जेवण झाकून ठेवलं आणि चपला घातल्या.

कर्वे रस्त्यावरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सरांचं ऑफिस. दारावर पाटी: 'फक्त आशेवर येणाऱ्यांनी आधी शेजारच्या मारुतीला जावे.' आत टेबलामागे सुशीलाबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, कपाळाला अंगारा, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे.

"या ताई. बसा. चहापूड वाढलीये, लिंबाचं सरबत करू?"

"चालेल," पद्मजाबाई म्हणाल्या.

सर आतून आले. रुपालीचं नाव काढताच त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"संस्थेतल्या माझ्या ओळखीच्या माणसाचा फोन आला. जागा भरल्या, वेटिंग बंद. माझ्यासमोर एका मुलाचे आईवडील बसले होते. मी वरदला बोलावलं, म्हटलं, फुल झालंय, बाईंना सांग रुपालीला कळवायला, आणि म्हणावं वाघोलीचं बघून घे. बस."

"तुम्ही स्वतः का नाही फोन केलात?"

"चांगली बातमी मी देतो, वाईट बातमी ऑफिस देतं." सर कोरडं हसले. "धंद्याची रीत आहे. कौतुक म्हणून सांगत नाहीये."

"वरद कसा मुलगा आहे?"

"हुशार. शक्यता काढायचा प्रोग्रॅम त्यानंच बसवला. कुणानं जागा सोडली की पुढे कुणाचा नंबर लागतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही."

हे बोलता बोलता सरांची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली.

सुशीलाबाई सरबत घेऊन आल्या. पद्मजाबाईंनी पेला हातात घेतला. "सुशीलाबाई, रुपालीला तुम्ही नक्की काय सांगितलंत?"

"मोठ्या संस्थेतल्या जागा वाढल्या म्हणून सांगितलं."

सरांच्या हातातला चष्मा तसाच राहिला. पद्मजाबाईंनी पेला न पिताच खाली ठेवला.

"तुमच्या मनानं सांगितलंत?"

"छे हो. वरदनं येऊन मला सांगितलं, तेच मी तिला सांगितलं. एक अक्षर पदरचं घातलं नाही."

सर पद्मजाबाईंकडे वळून हळूच म्हणाले, "बाई खोटं बोलत नाहीत. त्यांचं व्रतच आहे ते. इतकी वर्षं पाहतोय. इन्कमटॅक्सवाला आला तरी खरं सांगतील, माझी पंचाईत होईल म्हणून मी त्यांना त्या दिवशी सुट्टी देतो."

मग एकच माणूस उरला.

३

वरद मागच्या खोलीत आपलं सामान खोक्यात भरत होता. सरांनी त्याला अजून जा म्हटलं नव्हतं. पण पातळ फळीच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

"काकू, तुम्ही सीबीआय का?"

"मी रुपालीची घरमालकीण."

"म्हणजे सीबीआयपेक्षा डेंजर." तो हसायला गेला, जमलं नाही. "हे बघा, माझ्याकडे मोटिव्ह आहे, मान्य. स्वराली वेटिंगवर पहिली होती, हे मला माहीत होतं, तेही मान्य. पण मी बाईंना क्लिअरली सांगितलं, 'सीट्स फुल झाल्या, रुपालीला सांगा, दुसरीकडचं आजच बघून घे म्हणावं.' तेवढंच. बाईंनी मान हलवली, हात जोडले आणि फोन उचलला."

"हात जोडले? का?"

"त्या नेहमीच जोडतात. वाईट बातमी असली की आधी देवाला हात, मग फोन."

"बातमी चांगली असली की?"

"मग फोन करतच नाहीत. सरांना बोलावतात."

पद्मजाबाई खोक्याकडे पाहत राहिल्या. एक कीबोर्ड, एक मग, गणपतीचं छोटं चित्र. हा मुलगा खोटं बोलत असेल, तर बाई खऱ्या. हा खरं बोलत असेल, तर बाई खोट्या. आणि बाई तर खोटं बोलत नाहीत. कुठूनही गेलं तरी रस्ता या खोक्यापाशीच येऊन थांबत होता. तरी एक गोष्ट मनात टोचत होती. वाईट बातमी सांगताना हात जोडणाऱ्या बाईनं या बातमीच्या आधी हात का जोडले?

"सर उद्या वाघोलीला जाणार," त्या म्हणाल्या. "तुझं नाव घेतील."

"माहितीये. एक करा काकू. स्वरालीला यातलं काही कळू देऊ नका. तिनं पहिल्यांदा स्वतःच्या बळावर काहीतरी मिळवलंय. तिला वाटेल, मी मिळवून दिलं."

त्यानं खोक्यावर पट्टी चिकटवली. त्या जिन्याकडे वळल्या, तेव्हा तो मागून चिडून म्हणाला, "आणि बाईंचं म्हणाल तर त्यांचं काही सांगूच नका. परवा सरांसमोर मलाच बोलल्या, वरद चहापूड आणत नाही म्हणून. अहो, मी मुद्दाम विचारलं होतं. त्याच म्हणाल्या, वाढलीये. वाढलीये तर मी कशाला आणू? डबा उघडला तर आत नुसता चमचा."

पद्मजाबाईंचा पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर होता. तो त्यांनी उचलून पुन्हा वर घेतला.

४

वरद खोकं उचलून खाली उतरला, सर कामासाठी बाहेर पडले होते. सुशीलाबाई एकट्याच टेबल पुसत होत्या.

"बाई, येताना चहापूड आणू का तुमच्यासाठी?"

"आणाल तर बरं होईल ताई. केव्हाची वाढलीये."

"आणि त्या मोठ्या संस्थेतल्या जागा?"

"त्याही वाढल्याच की." बाई साधेपणानं म्हणाल्या. "वरद म्हणाला ना तसं."

"वाढल्या म्हणजे काय झालं, बाई? मला एकदा उघड सांगा."

सुशीलाबाई गोंधळल्या. "म्हणजे… राहिल्या नाहीत. भरल्या." तेवढं बोलतानाही त्यांनी देवाच्या तसबिरीकडे पाहिलं. "अशुभ बोलायचं नाही ना ताई. दिवा वाढवतो, बांगडी वाढते, तांदूळ वाढतात. तुमच्याकडेही म्हणतच असाल."

म्हणतच होत्या. आत्ता दुपारी इथेच 'चहापूड वाढलीये' ऐकून त्यांनी मुकाट्यानं सरबत मागितलं होतं, आणि कानाला काही खटकलंही नव्हतं. तक्रारीचा शब्दन् शब्द ऐकण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला स्वयंपाकघरातला शब्द ऐकूच आला नव्हता.

"बाई, आजकालची पोरं असं बोलत नाहीत. रुपालीला वाटलं, जागा जास्त झाल्या. तिचा नंबर लागला."

सुशीलाबाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

"पण मी तिला म्हटलं ना, दुसरीकडचं बघून घे."

"तिनं बघितलं. सोडून आली."

"देवावर भरवसा ठेव म्हटलं."

"तेच मला सकाळी कळायला हवं होतं. जिंकलेल्या माणसाला कुणी असं म्हणत नाही. आणि बातमी चांगली असती तर फोन सरांनी केला असता, तुम्ही नाही. वरदनं 'फुल झाल्या' असंच सांगितलं होतं. तुम्ही ते मनात ऐकलंत आणि तोंडानं शुभ करून बोललात."

बाई हळूहळू खुर्चीत बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. नुसता चेहरा उतरत गेला.

"म्हणजे मीच की," त्या म्हणाल्या. "आणि मघाशी त्या पोरावरही मीच ढकललं. एक अक्षर पदरचं घातलं नाही म्हणून मिरवलं."

"तुम्ही खोटं बोलला नाहीत."

"नाही बोलले. पण खरं पोचलं कुठे?" त्यांनी पदर सारखा केला. "आता त्या पोरीचं काय होईल?"

पद्मजाबाईंनी सांगितलं. फसवणूक असेल तर जागा परत. गैरसमज असेल तर नाही.

सुशीलाबाईंनी फडक्याची घडी करून बाजूला ठेवली. मग त्या इतक्या हळू बोलल्या, की पद्मजाबाईंना टेबलावर वाकावं लागलं.

"ताई, तिला विचारा. ती म्हणाली तर मी गप्प बसेन. कुणी विचारलं तर वरदनंच सांगितलं म्हणेन. व्रत मोडेल, मोडू दे. वर्ष तिचं मी घालवलंय."

५

रुपाली सोसायटीच्या बागेत बाकावर बसली होती. मुलं बॉल खेळत होती. पद्मजाबाई शेजारी बसल्या आणि काहीही न गाळता सगळं सांगितलं. चहापूड, हात जोडणं, बाईंचं म्हणणं.

रुपालीनं आधी समजल्यासारखी मान हलवली. मग म्हणाली, "आमच्याकडे आजीही म्हणते ना काकू, मीठ वाढलं. मला माहीत होता तो शब्द."

"स्वयंपाकघरात माहीत होता. कॉलेजच्या जागेला कोण लावतं गं."

"नाही काकू. मला तेव्हा तसं ऐकायचंच नव्हतं. सरांनी दहात दोन म्हटलं होतं. मी रोज झोपताना म्हणायची, दहात दोन म्हणजे दोघं असतातच ना कोणीतरी." ती थांबली. "हे अजून कोणाला माहीत आहे?"

"तुला, मला, सुशीलाबाईंना."

"आणि बाई गप्प राहतील."

"तू म्हणालीस तर."

"आणि तुम्ही?"

पद्मजाबाई खेळणाऱ्या मुलांकडे पाहू लागल्या. सकाळपासून त्या या मुलीसाठी धावत होत्या, आणि जे हाती लागलं ते तिच्याच मुळावर आलं होतं. समितीपुढे आपण काय बोलू, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. जिन्याच्या त्या पायरीवरून वर आलोच नसतो तर, असाही विचार त्यांच्या मनाला शिवून गेला, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

"गप्प राहिलं तर जागा मला," रुपाली म्हणाली. "वरदची नोकरी जाईल. त्या मुलीचा प्रवेश जाईल."

"हो."

"आणि नाही राहिलं तर पुसद."

"हो."

"तुमचं पुण्याचं बोलणं बरं आहे काकू. हो म्हणजे हो." तिनं बाकाच्या फळीवर हात आपटला. "कोणीतरी चोर निघाला असता तर किती बरं झालं असतं. मी त्याला शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस रडली असती. आता मी कोणावर चिडू? त्या बाईनं तर माझं वाईट होऊ नये म्हणूनच शब्द बदलला."

पद्मजाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मुलांचा बॉल बाकाखाली आला. रुपालीनं तो उचलून फेकला आणि उठली.

"उद्या मी पण येते वाघोलीला," एवढंच म्हणाली.

काय करणार ते तिनं सांगितलं नाही, आणि पद्मजाबाईंनी विचारलं नाही.

६

सरांनी गाडी काढली होती. पुढे पद्मजाबाई, मागे रुपाली. येरवडा मागे पडला. सर अजून वरदलाच दोषी धरून होते. समितीपुढे काय बोलायचं, ते मनात जुळवत होते.

"सर," मागून रुपाली म्हणाली, "आत गेल्यावर मी बोलते. तुम्ही फक्त सोबत बसा."

आणि तिथल्या तिथे, नगर रस्त्याच्या गर्दीत, तिनं त्यांना सगळं सांगितलं. सरांनी गाडी कडेला घेतली. मागून हॉर्न वाजत राहिले.

"तो फोन मी करायला हवा होता," सर म्हणाले. "वाईट बातमी द्यायला तोंड लागतं. ते मी बाईंचं वापरत आलो." मग आरशात तिच्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "मुली, तू हे का करते आहेस? आत तू काही बोलली नसतीस तर तुझी शक्यता पूर्ण होती."

"तुम्ही काढलेली शक्यता नव्हती ना ती, सर. दुसऱ्याला चोर ठरवून आलेली होती."

सरांनी गाडी सुरू केली.

समितीसमोर वेळ लागला नाही. रुपाली म्हणाली, कुणी फसवलं नाही, माझा ऐकण्यात गैरसमज झाला. समितीतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की का, नीट आठवून सांग. रुपाली दोन्ही वेळा नक्की म्हणाली. पद्मजाबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

सर बाहेर येऊन वरदला फोन लावायला लांब जाऊन उभे राहिले. हा फोन ते स्वतः करत होते.

आवारात नव्या मुलांची गर्दी होती. एक मुलगी छातीशी फाईल धरून इकडेतिकडे पाहत होती. ती रुपालीपाशी आली.

"एक्सक्यूज मी, ओरिजिनल्स कुठे जमा करायची?"

"ती डावीकडची खिडकी. पण आधी नाव सांगावं लागतं, यादीत बघतात."

"स्वराली. पण यादीत माझं नाव खाली पेननं लिहिलंय म्हणे." मुलगी हसली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "मी वेटिंगवर होते ना. माझा चान्सच नव्हता. कुणीतरी शेवटच्या दिवशी चक्क जागा सोडली. अशी जागा कुणी सोडतं का हो? वेडीच असणार."

पद्मजाबाई एक पाऊल पुढे आल्या. रुपालीनं क्षणभर त्या मुलीच्या फाईलकडे पाहिलं.

"असेल," ती म्हणाली. "तू जा, खिडकी दुपारी बंद होते."

मुलगी पळाली. तिची पाळी येईपर्यंत रुपाली तिथेच उन्हात उभी राहिली. कागद आत गेले, शिक्का बसल्याचा आवाज आला. मग तिनं फोन काढून पुसदचा नंबर लावला. पलीकडून वडिलांचा आवाज आला, तसा तिनं पद्मजाबाईंचा हात घट्ट धरला.

"बाबा," ती म्हणाली, "मी येते घरी."